परदेशात जायचं स्वप्न सोडून घरच्यांजवळ थांबायचं ठरवताय? मग एवढी कामं नीट करा

हे लिहितेय ते आपल्या सांगली-मिरज-सातारा-कऱ्हाड पट्ट्यातल्या पोरापोरींसाठी, ज्यांचं सातवी-आठवीपासून ठरलेलं असतं की आपण बाहेर जायचं, आणि आता पंचविशी-तिशीत घरात असं काहीतरी झालेलं असतं की पाय निघत नाही. कुणाच्या वडिलांना अटॅक आलेला, कुणाची आई मागं एकटी, कुणाचं रान बघायला दुसरं माणूस नाही. मी सांगलीची, मला जर्मनीला जायचं होतं, अॅडमिशनपर्यंत आलेलं, मग अप्पांच्या किडन्या गेल्या आणि मी थांबले. जायचं कसं हे सांगायला चौकाचौकात बोर्ड लावून लोक बसलेत, थांबायचं कसं हे कुणी सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं थांबायचं म्हणजे काय, नुसतं जायचं नाही, त्यात काय करायचंय. तर करायचं भरपूर असतं, आणि ते केलं नाही तर माणूस धड इथला राहत नाही धड तिथला.

आधी बघा थांबायची खरंच गरज आहे का

हे मुद्दाम पहिलं लिहितेय. आईवडील पंचावन्न-साठचे आहेत, ठणठणीत आहेत, आणि तुम्हाला फक्त "पुढं त्यांचं कसं होईल" या काळजीनं थांबावंसं वाटतंय, तर एवढ्यात थांबू नका. दोन वर्षं जाऊन परत येता येतं. यूकेची यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी, बॅलटनं म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखा नंबर लागतो आणि दोन वर्षं राहून काम करता येतं. ऑस्ट्रेलियानंही २०२४ च्या शेवटी मेट्स नावाची तशीच दोन वर्षांची स्कीम तरुण पदवीधरांसाठी चालू केलीय, ठरावीक विषयांसाठी. म्हणजे एकतर कायमचं जायचं नाहीतर कायमचं थांबायचं असे दोनच रस्ते आहेत असं समजू नका.

घरच्यांना विचारा, आणि वेगवेगळं विचारा. दोघांना समोर बसवून विचारलं की दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत "तुझं तू बघ बाळा" म्हणणार. वडिलांना बाहेर चहाला न्या, आईला ती निवांत असताना विचारा. कधीकधी कळतं की वडिलांना तुम्ही जावं असंच वाटतंय, आणि आईला फक्त भीती एवढीच आहे की रात्री-अपरात्री काही झालं तर कोणाला हाक मारायची, आणि त्यावर शेजार, चुलतभाऊ, एखादी दिवसभराची बाई असा बंदोबस्त होऊ शकतो. आणि घरात कोणी "तू गेलास तर मी जिवाचं बरंवाईट करीन" असलं काही बोललं असेल तर त्या आठवड्यात काहीच ठरवू नका, ना जायचं ना थांबायचं. आधी त्या माणसाकडं बघा, गरज वाटली तर डॉक्टरला दाखवा, निर्णय नंतर.

आणि जवळ म्हणजे किती जवळ हेही ठरवा. माझा हिशेब सरळ होता, रात्री फोन आला तर मी कधी पोचते. पुण्यातनं सांगली साडेचार-पाच तास, म्हणजे रात्री निघाले तर पहाटे घरात. बेंगळुरू एक रात्र. फ्रँकफर्टहून विमानात आठ-नऊ तास, पण त्याआधी रजा, तिकीट, त्यानंतर मुंबई ते सांगली आणखी सात-आठ तास, म्हणजे सगळं जुळलं तरी दीड दिवस. बऱ्याच जणांना पुणं पुरतं हो, सगळ्यांनी आईच्या स्वयंपाकघरापर्यंत परत यायची गरज नसते. मला पुरत नव्हतं, कारण अप्पांचं डायलिसिस आठवड्यातनं तीनदा, दर वेळी चार-चार तास, आणि त्यांना मिरजेला न्यायचं-आणायचं आईला एकटीला झेपणारं नव्हतं.

स्वप्नाचे तुकडे सुटे करा

हे काम वहीत करा, मनातल्या मनात नको, मनात सगळा गुंता होतो. लहानपणी बाहेर जावंसं का वाटायचं ते आठवून लिहा, जेवढं बारीक आठवेल तेवढं. माझं सांगते. कुपवाड एमआयडीसीत मामाचं वर्कशॉप होतं, तिथं लेथच्या मागच्या भिंतीवर एका जर्मन मशीन कंपनीचं कॅलेंडर असायचं, खालचा कोपरा ऑइलच्या बोटांनी काळा झालेला, वर चकचकीत फॅक्टरी आणि मागं बर्फाचे डोंगर. वर्ष संपलं तरी मामा ते काढायचा नाही. मी चौथीत असेन, तेव्हापासून मला त्या फोटोत जायचं होतं. मोठी झाल्यावर त्याच्यात बाकीचं येऊन चिकटत गेलं, चांगला पगार, नातेवाईकांत मान, एकटीनं राहायचं, रात्री दहाला बाहेर पडलं तर कोणी विचारणार नाही, शिवाय ती भाषा, जी मला खरंच आवडायला लागलेली.

लिहून झालं की एकेकासमोर लिहा की हे इथं राहून मिळतं का. पगार, थोडा कमी पण मिळतो. भाषा, पूर्ण मिळते. एकटीनं राहायचं, सांगलीतल्या सांगलीत आईवडिलांपासून दोन गल्ल्या सोडून वेगळी खोली घेतली तर मिळतं, लोक आठवडाभर बोलतात नंतर गप्प बसतात. बर्फाचे डोंगर मिळत नाहीत. रात्रीचं निर्धास्त फिरणं तेवढं मिळत नाही. जे मिळत नाही त्याच्यासमोर स्पष्ट "नाही" लिहा. तिथं "बघू", "कदाचित पुढं" असलं लिहायचं नाही. जे गेलं त्याचं वाईट वाटू द्या, रडायला आलं तर रडा, लहानपणापासून जपलेली गोष्ट होती ती, तिच्यासाठी दोन-चार महिने मन लागलं नाही तर त्यात काही चुकीचं नाही. मात्र एवढं लक्षात येईल की सगळंच्या सगळं स्वप्न गेलेलं नसतं, यादीतल्या थोड्याच ओळी जातात, आणि कुठल्या ओळी जातायत ते आधी माहीत असलेलं बरं.

घरात कसं सांगायचं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हे आहे. निर्णय तुमच्या नावावर घ्या. "तुमच्यामुळं थांबलो" हे वाक्य घरात एकदाही उच्चारायचं नाही, भांडणात नाही, चेष्टेत नाही, दहा वर्षांनी सुद्धा नाही. एकदा ते तोंडातनं गेलं की आजारी माणूस प्रत्येक गोळी घेताना तुमचं नुकसान मोजत बसतो, मग तब्येतीचं खरं सांगायचं बंद करतो, छातीत दुखलं तरी गॅस झालाय म्हणतो कारण पोरीला अजून त्रास नको. मी हे दुसऱ्यांच्या घरात बघितलंय, डायलिसिसच्या वेटिंग हॉलमध्ये बसलं की सगळ्या घरांच्या गोष्टी कानावर येतात.

आई विषय काढणारच. आमच्याकडं काढलाच, कणीक मळता मळता, माझ्याकडं न बघता, "आमच्या पायी तुझं सगळं राहिलं गं." अशा वेळी "तसं काही नाही गं" म्हणून विषय झटकू नका, तिला ते पटत नाही. तिच्याजवळ बसा आणि खरं ते सांगा. मी म्हणाले, "आई, मला जायचं होतं, खूप जायचं होतं. पण अप्पा असे असताना तिकडं माझं लक्ष लागलं नसतं, म्हणून मी ठरवलं. तू ठरवलेलं नाहीस, अप्पांनी ठरवलेलं नाही." यात दुःख लपवलेलं नाही आणि दोष कुणावर टाकलेला नाही. हे एकदा बोलून भागत नाही, तीन-चार वेळा बोलावं लागतं, दर वेळी तेच आणि तसंच बोला.

बाहेरच्यांना मात्र एका वाक्याच्या वर सांगू नका. "व्हिसा रिजेक्ट झाला का?" हा प्रश्न लग्नकार्यात हमखास येतो. "नाही, मीच जायचं रद्द केलं" एवढं पुरे, वडिलांच्या आजाराची गोष्ट प्रत्येक पंगतीत सांगायची गरज नाही.

कागदपत्रं आणि पैसे

आता कोरडं काम, पण हे राहून गेलं तर लई महागात पडतं.

अॅडमिशन मिळालेली असेल तर युनिव्हर्सिटीला लेखी ईमेल करा. बऱ्याच युनिव्हर्सिट्या पुढच्या इनटेकपर्यंत जागा राखून ठेवतात, त्याला डिफर करणं म्हणतात. खरंच सहा महिन्यांत परिस्थिती बदलणार असेल, उदाहरणार्थ आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती हिंडू-फिरू लागणार असेल, तर डिफर करा, बिनधास्त करा. पण थांबायचं मनात ठरलेलं असताना नुसतं जिवाला बरं वाटावं म्हणून डिफर करू नका, प्रत्येक सीझनला तीच जखम उकरली जाते. डिपॉझिट भरलं असेल तर रिफंडची शेवटची तारीख आधी वाचा, ती तारीख उलटली की बोलायला जागा राहत नाही.

एज्युकेशन लोन मंजूर झालंय पण एक रुपयाही उचललेला नाही, तर बँकेत लेखी अर्ज देऊन रद्द करून घ्या आणि पोच घ्या. नुसतं "आता नको" असं तोंडी सांगून येऊ नका. तारण म्हणून रान लावलं असेल तर सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचा बोजा चढलेला असतो, बँकेकडून दाखला घेऊन तलाठ्याकडं अर्ज करा, फेरफार होऊन बोजा कमी झालेला नवीन उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. उद्या वडिलांना पीककर्ज काढायचं झालं की तिथंच गाडी अडते. काही रक्कम उचलली असेल तर ती फेडून खातं बंद करा. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हे माहीत असलं की काउंटरवर आवाज जरा मोकळा निघतो.

जर्मनीवाल्यांनी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्या-खाण्याचे पैसे व्हिसासाठी आधीच भरून ठेवायचं खातं, उघडलं असेल तर त्यात मोठी रक्कम अडकलेली असते, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. व्हिसा मिळून तुम्ही जात नसाल तर ते पैसे सहसा आपोआप परत येत नाहीत, खातं मोकळं करायला जर्मन वकिलातीचं पत्र साधारणपणे मागतात, त्यामुळं त्या कामाला आधी लागा. फॉरेक्स कार्डावर परकीय चलन शिल्लक असेल तर ते १८० दिवसांत बँकेला परत करायचं असतं. स्वतःच्या बचतीतनं फी पाठवताना टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापते तो टॅक्स, कापला गेला असेल तर तो इन्कम टॅक्स रिटर्न भरून परत मागता येतो, त्या वर्षीचं रिटर्न चुकवू नका.

कन्सल्टंटकडं ओरिजिनल मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट पडून असतील तर स्वतः जाऊन घेऊन या, यादी करून, एकेक मोजून. फोनवर "पाठवून देतो" म्हणतात त्याच्यावर थांबू नका.

आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअर दोन वर्षं चालतो, मास्टर्सच्या अॅडमिशनसाठी देतात त्या जीआरईचा पाच वर्षं. हे संपू द्या. माझ्या एका मैत्रिणीनं स्कोअर संपायला आला म्हणून परत परीक्षा दिली, जायचं नाही हे ठरलेलं असताना, आणि सहा महिने परत त्याच घालमेलीत गेली. पासपोर्ट मात्र संपू देऊ नका, तो दहा वर्षांचा असतो, वेळेत रिन्यू करा, तो का लागणार ते शेवटी सांगते.

थांबलेल्या माणसावर सगळंच पडतं, त्याचं काय करायचं

घरातला एकजण थांबला की बाकीचे मोकळे होतात. मुद्दाम करत नाहीत, पण होतं तसं. म्हणून भाऊ-बहीण पुण्याला, मुंबईला, परदेशात असतील तर पहिल्याच महिन्यात बोलून घ्या, आणि व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवा. दरमहा कोण किती पाठवणार, औषधांचे कोण भरणार, वर्षातनं कुठले पंधरा दिवस कोण येऊन राहणार. माझा दादा पुण्यात असतो, चांगला आहे, पण "लागलं तर सांग गं" म्हणायचा. मी म्हटलं दादा, लागेल तेव्हा सांगणार नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेले पैसे आईच्या खात्यावर टाकत जा. तेव्हापासून आमच्यात पैशावरनं एक शब्द झालेला नाही.

सरकारी योजना आधी बघा मग खिशात हात घाला. डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड-आधार घेऊन त्याला भेटा. आईवडील ७० च्या पुढं असतील तर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत, २०२४ च्या ऑक्टोबरपासून हे चालू आहे.

आणि सांगलीकरांनो, पूर. नदीकाठच्या भागात घर असेल तर जवळ असण्याचा अर्थ ऑगस्टमध्ये कळतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, पण आमच्याकडं ३५ झाले की मी कामाला लागते. फाइल, औषधं, दागिने, गॅसचं पुस्तक एका बॅगेत, फ्रिज चार विटांवर, आणि सगळ्यात आधी अप्पांचं पुढच्या आठवड्याचं डायलिसिस कुठं होणार याचा फोन, कारण रस्ता बंद झाला तर मिरजेला पोचायचं कसं. २०१९ च्या पुरात ज्या घरात म्हातारी दोघंच होती आणि पोरं लांबून फोन करत होती, त्या घरांचं काय झालं ते गल्लीनं बघितलंय. पोरांची चूक नव्हती, ती तरी तिथनं काय करणार. मला त्या वेळी माझा निर्णय पहिल्यांदा मनापासून पटला.

पोरींसाठी एक वेगळं. आईवडिलांसाठी परदेश सोडायचा आणि मग लग्न करून नाशिकला जायचं, याला काही अर्थ नाही. स्थळं बघताना पहिल्याच भेटीत सांगा की मला सांगलीत राहायचंय आणि माझ्या आईवडिलांचं मी बघणार आहे, लग्नानंतर पण. आमच्या मावशीचं म्हणणं, "असलं आधी सांगितलं तर स्थळ मोडतं." मोडू दे की. जे टिकतं ते बघायचं.

काम

युरो गुणिले शंभर करत बसायचं बंद करा, तिथलं घरभाडं पण युरोतच असतं. काम शोधताना मात्र नुसतं घराजवळ आहे म्हणून मिळेल ते धरू नका, बाहेर जाण्यासाठी जे शिकलात तेच कुठं लागतंय ते बघा. माझं डिझाइनचं काम होतं, आता पुण्याच्या कंपनीचं घरनं करते आणि महिन्यातनं एक-दोनदा जाऊन येते. २०२४ पासून वंदे भारत सांगलीला थांबते त्याचा मला खरंच उपयोग झाला, सगळ्या दिवशी नसते तेवढं बघून तिकीट काढा. इंटरव्ह्यूला "परदेशी का नाही गेलात" विचारतात, तेव्हा घरची जबाबदारी म्हणून इथं स्थिर व्हायचं ठरवलंय असं ताठ मानेनं सांगा, कंपनीला सोडून न जाणारं माणूस हवंच असतं.

बाकीचे जातात तेव्हा

तुमच्या बॅचचे जाणार, विमानतळाचे फोटो टाकणार. सोडायला जायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी पहिल्या दोघींना सोडायला गेले नाही, घरी जेवायला बोलावून भडंगाचे पुडे बांधून दिले. काही दिवस स्टोऱ्या म्यूट करा, मैत्री तोडू नका. आणि बाहेर जाणं हे काही आपल्याकडं नवीन नाही हे पण ध्यानात घ्या. विट्या-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी पिढ्यान्पिढ्या देशभर पांगलीत, साताऱ्याकडं घरटी कोणी मिलिटरीत, कोणी मुंबईत. त्या प्रत्येक घरात मागं थांबून म्हातारी माणसं, रान, जनावरं सांभाळणारं कोणीतरी होतं. त्यांच्याबद्दल कुणी कौतुकानं बोलत नाही, पण जाणाऱ्यांना यात्रेला परत यायला घर त्यांच्यामुळंच राहिलं.

जे शिल्लक राहिलं ते वापरा

भाषा शिकला असाल तर सोडू नका. मी डायलिसिसच्या त्या चार तासांत जर्मन वाचायचे, आता तिथल्याच दोन नर्सना शिकवते, त्यांना जायचंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडं नर्सिंग, इलेक्ट्रिशियनवाली पोरं भाषेची चौकशी करायला लागलीत. अप्पा बेडवरनं ऐकत असतात, त्यांना आता "गूटन मॉर्गन" येतं आणि ते संध्याकाळी पण तेच म्हणतात.

आणि बघायला जा. राहायला गेला नाहीत म्हणून बघायचं पण नाही असं कुठं आहे. पासपोर्ट त्यासाठी जिवंत ठेवायचा. शेंगेन टूरिस्ट व्हिसावर, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं, आपल्याला दहा-बारा दिवस बास. दर महिन्याला त्यासाठी वेगळी आरडी चालू करा, रक्कम छोटी असू दे. पावसाळ्यात जाऊ नका, पुराचं कारण वर आलंच आहे, एप्रिल-मे बघा. तिकीट काढायच्या आधी भावाला त्या दिवसांची रजा मंजूर करून घ्यायला लावा, डायलिसिसचे वार, औषधांच्या वेळा, डॉक्टरचा आणि रिक्षावाल्या काकांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, आणि जायच्या आधी एक आठवडा त्याला घरी बोलावून तुमच्यासमोर एकदा सगळं करायला लावा.